सहाव्या आठवड्यातला गुरुवार

"कुठल्या... दिसाचं... करू?" हौसामावशींनी विचारलं.

मी चहा-साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून उभा करत होते आणि तो सारखा घसरत होता. "कुठल्याही दिवसाचं चालेल, मावशी. पहिल्या-पहिल्या दिवसांतलं. तुम्हाला बोलता येत नव्हतं ना, तेव्हाचं."

"तसलं दीस... लई हायती."

"त्यातला एक निवडा."

त्यांची सून उज्ज्वला ओट्याशी आलं ठेचत होती, ती हसली. "आत्या, नाटकात काम मिळालं बघा तुम्हाला. पावडर लावू का तोंडाला?"

"लाव," मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, पुढचा शब्द शोधून आणून, "कुकू... नगं." आणि आपल्याच बोलण्यावर डाव्या गालानं हसल्या. उजवा गाल बेंदरापासून हसत नव्हता.

विट्यातल्या त्यांच्या घरातली ही डिसेंबरातली दुपार. जुलैत, बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आदल्या दिवशी मावशींच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा गेली. मुलगा विलास गलाईच्या धंद्यात, कोइमतूरला. सोनं वितळवणाऱ्या मुलखाची ही गंमतच आहे, बाप्ये सगळे दूरदेशी भट्टीपुढे आणि घरात नुसत्या बायका. उज्ज्वलानंच सासूला रिक्षात घालून आमच्या हॉस्पिटलात आणलं. तिथं एक्स-रेच्या खोलीशेजारी, पूर्वी जुने पलंग ठेवायचे त्या खोलीत, मी बसत असे. वाचा गेलेल्यांना बोलायला शिकवणं हा माझा धंदा. तालुक्यात त्यावेळी मी एकटीच, वय सत्तावीस, नोकरी कंत्राटी.

पाच महिन्यांत मावशी चाळीस शब्दांपर्यंत आल्या, मग दोन-दोन शब्द जोडायला लागल्या, मग पाच-सहा. विहिरीतून भरली कळशी एका हातानं ओढावी तसा एकेक शब्द वर येई, पण येई. मी तोवर कुणाला इतकं दूर आणलं नव्हतं.

आमच्या वरचे सबनीस सर मिरजेहून आठवड्यातून एकदा यायचे. त्यांनी मावशींना ऐकलं आणि मला म्हणाले, "कुंभार, हे अधिवेशनात मांडा. सगळ्या देशातले वाचा आणि श्रवणवाले जमतात. तालुक्याच्या गावातून आजवर कुणी उभं राहिलेलं नाही तिथं. तुमची नोकरी कायम करायची तर मला विश्वस्तांपुढे काहीतरी ठेवावं लागेल की नाही?"

प्रस्ताव तीनशे शब्दांत पाठवायचा होता. त्यात रुग्णाचं नाव नको, गाव नको, आपलंही नाव नको; वाचणाऱ्या परीक्षकाला काही कळता कामा नये. मी चार दिवस खपून तो लिहिला. त्यात माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे आलेख. पहिल्या दिवशीच मी उज्ज्वलाला एक दुरेघी वही दिली होती आणि सांगितलं होतं, आत्या आपण होऊन तोंडातून आवाज काढतील तेव्हा तेव्हा एक रेघ ओढायची, कसलाही आवाज असो. रोजच्या तीन रेघा, चार रेघा, कधी दोन. आणि सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी एकदम एक्केचाळीस! ती वही बघितली तेव्हा मी खुर्चीतून उठलेच होते. त्या पानावर मी लाल शाईनं चांदणी काढली होती. प्रस्तावात लिहिलं, 'सहाव्या आठवड्यात रुग्णाच्या उत्स्फूर्त आवाजात लक्षणीय वाढ.' पुढच्या आठवड्यात रेघा परत दोन-तीनवर आल्या, त्याला मी 'थकवा' असं कारण दिलं.

सरांनी वाचून मान हलवली. "छान आहे. पण उपचाराआधीचं चित्रीकरण कुठाय?"

"नाही केलं, सर. तेव्हा सुचलं नाही."

"मग भिंतीवर पोस्टर लावून उभ्या राहाल कोपऱ्यात. व्यासपीठ हवं असेल तर आधीचं आणि नंतरचं, दोन्ही लागतं." मग चष्मा पुसत, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "करून घ्या ना. बाई हुशार आहे. दोन मिनिटं तर हवीत."

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मुदत संपत होती. आणि शुक्रवारीच दुपारी दोन वाजता मी मावशींपुढे चित्रांची कार्डं मांडून बसले होते. पाण्याचा तांब्या, भाकरी, चहाची कपबशी, खाट, डोकं धरून बसलेला माणूस.

पहिल्या वेळी त्यांनी कार्डं बाजूला सारली खरी, पण माझ्याकडे बघून हसल्या. दुसऱ्या वेळी कपबशीचं कार्ड बघून सवयीनं "च्या" म्हणून बसल्या.

"आत्या, तुम्हाला येत नाही बोलायला, विसरलात?" उज्ज्वला म्हणाली.

"मावशी, खरं वाटलं पाहिजे हो," मी म्हणाले. घड्याळाकडे बघत म्हणाले असेन.

त्यांचं हसू विझलं. मग डाव्या हातानं कार्डं गोळा केली, नीट गठ्ठा केला, माझ्या मांडीवर ठेवला.

"हे... नगं. माझं... तोंड. दाराकडं... कर."

मी खाट दाराच्या दिशेला वळवली. मोबाईलही तसा फिरवला, लाल ठिपका लावला.

मावशींनी एकदा श्वास घेतला. आणि ओरडल्या.

तो शब्द नव्हता. गाय दाव्याला हिसका देते आणि दावं गळ्यात रुततं, तसला आवाज. "आ! आ! आ!" मान दाराकडे ताणलेली, शिरा फुगलेल्या, डावा हात खाटेच्या लोखंडावर आपटत होता, बांगड्या नसलेला हात. खाटेवरून अंग पुढे लोटायचं, उजवी बाजू दगडासारखी मागं राहायची, आणि परत, "आ! आ!" ओट्यावरचा चहा उतू गेला, उज्ज्वला गाळणं हातात धरून तशीच उभी.

देवाशपथ सांगते, त्या क्षणी मी मोबाईलकडे पाहिलं. लाल ठिपका चालू होता. आणि मला आनंद झाला. व्यासपीठ मिळालं, असं मनात आलं.

मग मावशी थांबल्या. पदरानं तोंड पुसलं. घसा खाकरला.

"झालं," म्हणाल्या. "असं."

"हे कधीचं, मावशी?" मी विचारलं.

"त्यो... गुरवार. यमुना... आली हुती."

उज्ज्वलाच्या हातातलं गाळणं खाली पडलं. ती भिंतीला टेकून हळूहळू खालीच बसली. "आत्या," ती म्हणाली, "तुम्हाला कळलं होतं? तुम्ही जाग्या होता?"

"यमुना कोण?" मी म्हणाले.

मावशीच बोलल्या, आणि पुढचा अर्धा तास लागला त्यांना. मी मधे एकही शब्द पुरवला नाही. आमच्या शिक्षणात हेच सांगतात, थांबा, मनात दहा मोजा, त्यांचा शब्द त्यांना सापडू द्या. तुकडे तुकडे मी आता जोडून सांगते.

यमुना त्यांची धाकटी जाऊ. दोघी एका मांडवात सुना होऊन आल्या होत्या. वीस वर्षं एका जात्यावर दळलं, समोरासमोर बसून, एका खुंट्याला दोघींचे हात. गिरणी आली तरी लग्नाची हळद जात्यावरच दळायची, आणि त्यावेळी मोठीच्या समोर धाकटी हे ठरलेलंच. अकरा वर्षांपूर्वी हौसामावशींच्या लेकीचं लग्न निघालं. त्याआधी दोन महिने यमुनाचा नवरा वारला होता. हळदीच्या दिवशी ती आली, नेहमीसारखी जात्यापाशी बसली, नेहमीसारखा खुंट्याला हात लावला. बायकांत कुजबुज सुरू झाली. हळद सवाष्णींनी दळायची. कुणीच बोलेना, सगळ्या हौसाबाईंकडे बघायला लागल्या.

"मी... तिचा हात... काढला. खुंट्यावरनं." मावशींनी डाव्या हातानं आपला लुळा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि मला दाखवला. "ह्यो. ह्या हातानं."

यमुना उठली, चप्पल घातली, घरी गेली. चार गल्ल्या पलीकडे. तेव्हापासून अबोला. सहा वर्षांनी हौसामावशींचे मालक गेले, तेव्हा यमुना आली. दहा दिवस चुलीपुढे बसून साऱ्या भावकीच्या भाकरी थापल्या आणि अकराव्या दिवशी एक शब्द न बोलता निघून गेली. मावशीही बोलल्या नाहीत. आपलं कुंकू पुसलं गेल्यावर मात्र, म्हणाल्या, त्या खुंट्यावरच्या हाताचं काय ते कळलं. पाच वर्षं जाईन जाईन करत राहिल्या. यंदा यमुनाची किडनी गेल्याचं कानावर आलं. मंगळवारचा बाजार झाला की जायचं, असं पक्कं ठरवलं. मंगळवार यायच्या आत वारं गेलं.

"आणि तो गुरुवार?"

आता उज्ज्वला बोलली, गुडघ्यात तोंड घालून. "रिक्षा आली दारात. धाकट्या आत्या होत्या. सुजल्या होत्या अशा, वैजयंतानं धरून उतरवलं. म्हणाल्या, जाऊबाईला बघायला आले. मी उंबऱ्यातच उभी राहिले. तुम्ही सांगितलं होतं ताई, आत्यांना कशानं त्रास होऊ द्यायचा नाही, बीपी वाढंल, जवळची माणसं तेवढी भोवती ठेवा. मी म्हणाले, आत्या झोपल्यात. तेवढ्यात आतनं आत्या ओरडायला लागल्या. मला वाटलं, आवाज ऐकून संतापल्यात. अकरा वर्षांचा राग. मी म्हणाले, धाकट्या आत्या, जावा आता, त्यांना सोसायचं नाही. तर गेल्या. आत्या अंधार पडंस्तोवर ओरडत होत्या. आणि मी वहीत रेघा ओढत बसले, ताई."

माझ्या पिशवीत ती वही होती. त्या पानावर माझी लाल चांदणी होती.

"पण यमुनाबाईंचं नाव तू मला कधीच नाही सांगितलंस," मी म्हणाले. मला कुणावर तरी दोष ढकलायचा होता.

"तुम्ही विचारलंत, आत्या कुणाकुणाशी बोलतात. फॉर्मवर. मी नऊ नावं सांगितली. धाकट्या आत्यांशी बोलणं नव्हतंच. मग नाव कशाला सांगू?"

त्या नऊ नावांवरून मी मावशींचे शब्द निवडले होते. विलास, उज्ज्वला, लेक, नातवंडं, शेजारीण. रोज सकाळी ती नावं त्यांच्या तोंडून वदवून घेत होते. दहावं नाव त्यांच्या आत बसून होतं आणि मी भाकरीचं चित्र पुढं करत होते.

त्या गुरुवारनंतर नवव्या दिवशी यमुना गेली. मावशींना कुणी सांगितलं नाही. वाईट बातमी कानावर घालायची नाही, हीही माझीच सूचना. पण देव्हाऱ्यात दहा दिवस दिवा लागला नाही. "भावकीत... सुतक. मग... कळलं."

"मावशी, बोलता यायला लागल्यावर तरी सांगायचं होतं."

"सुनंला... लागंल. म्हणून." आणि मग त्यांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला, उठताना ठेवतात तसा. "मला... न्या. यमुनाच्या... दारात."

साडेतीन झाले होते. चार गल्ल्या म्हणजे जाऊन-येऊन तास, असा हिशेब मी केला. मोबाईल पिशवीत टाकला.

उज्ज्वला आली नाही. "मला त्या दारात उभं राहवायचं नाही," म्हणाली.

पाच महिन्यांत मावशींनी उंबरा ओलांडला तो हॉस्पिटलसाठीच, तोही रिक्षानं. आता चारपायी काठी एका हातात, दुसऱ्या बाजूला मी. दहा पावलांवर थांबायच्या. पहिल्या विजेच्या खांबापाशी थांबल्या तेव्हा म्हणाल्या, "शिकवा."

"काय शिकवू?"

"तिला... सांगायचं ते. मी... वराडले न्हाई. मी..." आणि शब्द सापडेना. हात तोंडाशी नेऊन लांब नेला.

"हाक मारली," मी म्हणाले.

"ते."

मग आम्ही तसं केलं. माझा धंदा मी इतका मन लावून कधी केला नसेल. त्यांच्या डाव्या तळव्यावर माझी बोटं, प्रत्येक शब्दाला एक टिचकी. मी. हाक. मारली. पुढच्या खांबापर्यंत चालायचं, टेकायचं, परत. मी. हाक. मारली. तिसऱ्या खांबापाशी एक बाई पापड वाळत घालत होती. ती म्हणाली, "हौसाकाकू, कुणीकडं? बऱ्या झालात की!" मावशींनी मान हलवली, पण तिला शब्द दिला नाही. शब्द जपून नेत होत्या, कोयरीतलं कुंकू सांडू नये तसं.

यमुनाबाईंची सून वैजयंता अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला बघून तिच्या मांडीवरची टरफलं सांडली. डोक्यावर पदर घेतला, पुढे आली, मावशींच्या पाया पडली. "थोरल्या आत्या! अशा चालत? निरोप धाडायचा की, मी आले असते."

आत भिंतीवर फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. रुंद कपाळाची, पातळ ओठांची बाई. मावशी फोटोपुढे उभ्या राहिल्या. काठी माझ्याकडे दिली. लुळा हात डाव्या हातात घेऊन छातीशी धरला.

"यमुने," म्हणाल्या. स्वच्छ, एका दमात. हे नाव मी त्यांना शिकवलं नव्हतं. "मी... हाक..."

आणि तिसरा शब्द येईना.

मी मनात दहा मोजले. वीस मोजले. त्यांचे ओठ मिटले, उघडले. घसा हलत होता. चार गल्ल्या, अकरा खांब, सगळीकडे आलेला शब्द इथं दाराशी येऊन अडला. मी त्यांच्या तळव्याला टिचकी मारली. नाही आला. डोळे माझ्याकडे वळले, बुडत्या माणसाचे असतात तसे.

"हाक मारलीत," वैजयंता म्हणाली.

आम्ही दोघी वळून बघायला लागलो. ती दारात उभी होती, पदराचं टोक दोन्ही हातांत धरून.

"म्हाईत हाय, थोरल्या आत्या. आमच्या आत्यास्नी बी म्हाईत हुतं. रिक्षात बसल्या आन् मला म्हणल्या, ऐकलंस का वैजू, माझी जाऊ मला हाक मारती. अजून मला हाक मारती म्हणल्या."

मावशी खालीच बसल्या, फोटोच्या भिंतीला पाठ लावून, आणि त्यांनी हेल काढला. आपल्याकडे बायका मेलेल्या माणसापाशी जसा काढतात, लांब, वर जाऊन खाली येणारा. ते रडणं त्यांना यमुना गेली तेव्हा रडता आलं नव्हतं, ते आता आलं. आणि रडता रडता त्याच सुरात, एकही अडखळण न येता, गाऊ लागल्या:

*दोघी जावा दळू बसू, एक खुंटा दोन हात,*
*तिच्या ओवीचा शेवट, माझ्या ओवीची सुरवात...*

इथं थांबल्या. मान वर करून थांबल्या, समोरच्यानं उचलायची वाट बघतात तशा. पुढची ओवी यमुनाची होती. वैजयंताला ती येत नव्हती, मला येत नव्हती. शेंगांवरच्या चिमण्यांचा आवाज तेवढा येत होता. मग मावशींनी डोळे पुसले आणि पाणी मागितलं.

वैजयंतानं चहा टाकला. चहा पिताना मावशी माझ्याकडे वळल्या. एखाद्या लहान मुलीसारखा चेहरा झाला होता. "बाई. तुमच्या त्या... सभेत. माझं... सांगणार?"

"सांगायचं म्हणते, मावशी."

"मग... यमुनाचं नाव... घ्या. जाऊ... हुती म्हणा. हाक मारली... म्हणा." शब्द आता येत होता, सहज येत होता. "कागद... आणा. अंगठा... देते."

परवानगीचा कागद पिशवीत होता. नाव घेता येत नाही, नियम आहे, असं मी म्हणणार होते. नाही म्हणाले. डाव्या अंगठ्याला शाई लावली.

रिक्षा बघायला मी आणि वैजयंता गल्लीच्या तोंडाशी आलो. ती सारखी मागं वळून बघत होती. मग एकदम माझ्या हाताला धरलं. तिचे हात शेंगांच्या मातीनं खरखरीत होते.

"ताई, मी खोटं बोलले."

मला कळलंच नाही.

"रिक्षात बसल्या ना, तेव्हा आत्या काय म्हणल्या ठाऊक हाय? म्हणल्या, बघितलंस? मरणाच्या दारात हाय तरी माझ्यावर वराडती. माझं त्वांडसुद्धा बघायचं न्हाई तिला. चल, आता पुन्यांदा ह्या गल्लीत रिक्षा घालायची न्हाई. आन् नऊ दीस एकच. पानी पाजलं तरी त्येच, शुद्ध हरपंस्तोवर त्येच. हौसाचा राग गेला न्हाई गं. हौसाचा राग गेला न्हाई."

रिक्षावाला हॉर्न वाजवत आला आणि आमच्यापुढे थांबला.

"मला पाप लागंल का, ताई? मेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घातले."

मी शब्दांचं शिकलेली. चार वर्षं कॉलेजात, दोन वर्षं पुढं. मला तिला एवढंच सांगता आलं, "कुणाला सांगू नकोस. उज्ज्वलालासुद्धा नको."

"आन् तुम्ही?"

"मी पण नाही."

पाच पस्तीसला मी माझ्या खोलीत होते. प्रस्तावाचं पान उघडलेलं होतं, सगळं भरलेलं. सरांचा फोन आला.

"झालं का चित्रीकरण?"

"झालं."

"कसं आलंय?"

"फार खरं आलंय, सर."

"मग पाठवा की! वाट कसली बघताय?"

मी आलेखावर बोट ठेवलं. सहाव्या आठवड्याचा तो उंच खांब काढून टाकला. मग आधीचे खांब नुसते गवतासारखे दिसायला लागले. परत ठेवला. त्याखाली 'लक्षणीय वाढ' खोडून 'हाक' असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी निष्कर्षाचा रकाना होता. त्यात विचारलं होतं, रुग्णाचा संवाद साधला गेला का? मी चार दिवसांपूर्वी तिथं 'होय' लिहून ठेवलं होतं. तो 'होय' मी तासभर आधी मावशींच्या चेहऱ्यावर बघून आले होते. आणि त्या 'होय'च्या मागं काय होतं, तेही ऐकून आले होते. खरं लिहायचं तर ते लिहावं लागलं असतं. कागदावर आलं की ते कुठंतरी वाचलं जाणार, कुणीतरी कुणाला सांगणार, आणि विटा काही मोठं गाव नाही.

सहा वाजले. पान आपोआप बंद झालं. मी मोबाईलमधलं ते चित्रीकरण पुसलं. शेजारच्या खोलीत एक्स-रेचं मशीन घरघरत होतं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "पाठवलं नाहीत? का?"

"परवानगी मिळाली नाही."

त्यांनी टेबलावरचा कागद उचलला. "हा काय अंगठा आहे की पेशंटचा."

"पेशंटची मिळाली, सर. जावेची राहिली."

"जावेचा काय संबंध इथं?" ते म्हणाले. मी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. मार्चमध्ये माझं कंत्राट संपलं, ते पुढं वाढलं नाही. मी साताऱ्याला आले.

त्यानंतर चार वर्षं हौसामावशी होत्या. वर्षाकाठी एकदा मी विट्याला जात असे. दर वेळी त्या सांगायच्या, "यमुनाला... कळलं हुतं," आणि दर वेळी मी म्हणायचे, "हो, मावशी." उज्ज्वलाही तसंच म्हणायची, आणि ते म्हणताना तिचा चेहरा मोकळा दिसायचा. वैजयंता सणावाराला त्यांच्याकडे यायची, पुरण वाटू लागायची. ती आणि मी एकमेकींकडे बघत नसू.

शेवटच्या खेपेला गेले तेव्हा मावशी खाटेवरच होत्या. पुन्हा एकदा वारं गेलं होतं, शब्द परत थोडेच उरले होते. मला ओळखलं. जवळ बसवून घेतलं. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाल्या, "सभा?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं.

"झाली, मावशी."

"यमुना?"

"घेतलं नाव. मोठ्यानं घेतलं. म्हटलं, हौसाबाईंची जाऊ होती, यमुना. दारात आली होती. हिला शब्द नव्हता, पण हिनं हाक मारली आणि तिनं ऐकली."

"मानसं?"

"खूप होती. सगळा हॉल भरलेला. सगळी गप्प बसून ऐकत होती."

मी अडखळले नाही. एकाही शब्दापाशी थांबले नाही.

मावशींनी डोळे मिटले. डावा गाल जरासा हलला. "अजून... सांग," म्हणाल्या.

मग मी अजून सांगितलं.